स्कालाचा जार सर्व्हरवर का चालत नाही?

स्काला या प्रोग्रामिंग भाषेत काम करणाऱ्या टीममध्ये फ्रेशर आला की थोड्याच दिवसांत एक तक्रार हमखास येते: "माझ्या लॅपटॉपवर एसबीटी रन मस्त चालतं, पण जार सर्व्हरवर टाकला की पहिल्याच ओळीला आपटतो."

एसबीटी हे स्कालाचं बिल्ड टूल, आणि जार म्हणजे कंपाइल केलेल्या कोडचं गाठोडं. या तक्रारीचं कारण साधं आहे. एसबीटी रन करताना सगळ्या लायब्ररी तुमच्या मशीनवरच्या कॅशमधून क्लासपाथवर (क्लास जिथे शोधले जातात त्या यादीत) येतात. एसबीटी पॅकेजने बनणाऱ्या जारमध्ये मात्र फक्त तुमचे क्लास आणि रिसोर्स फाइली असतात. स्कालाची स्वतःची लायब्ररीसुद्धा त्यात नसते. मग 'नो-क्लास-डेफ-फाउंड' (क्लास सापडला नाही) हा एरर येतो आणि मंडळी सर्व्हरवर स्काला इन्स्टॉल करायच्या मागे लागतात. त्याची काही गरज नसते. स्कालाची लायब्ररी हाही एक जारच, तो क्लासपाथवर हवा इतकंच. जेव्हीएम, म्हणजे जार चालवणारं जावाचं व्हर्च्युअल मशीन, असलं की भागतं.

'नो मेन मॅनिफेस्ट अ‍ॅट्रिब्यूट' आला तर प्रोजेक्टमध्ये मेन मेथड (प्रोग्राम जिथून सुरू होतो ती) असलेले ऑब्जेक्ट एकाहून जास्त आहेत का ते बघा. तसं असेल तर एसबीटी आपणहून निवड करत नाही. बिल्ड फाइलमध्ये मेनक्लास लिहून टाका.

सगळं एका जारमध्ये कोंबायला बहुतेक जण एसबीटी-असेंब्ली हे प्लगइन वापरतात. त्याची ओळख प्रोजेक्ट फोल्डरमधल्या प्लगइन्स फाइलमध्ये द्यायची, बाहेर मुळाशी नाही. खरा घोळ त्यानंतर सुरू होतो. दोन लायब्ररींत एकाच पाथवर वेगवेगळ्या मजकुराची फाइल निघाली की 'डीडुप्लिकेट' म्हणत बिल्ड थांबतं. मग नेटवरून चार ओळी उचलल्या जातात: जारच्या मेटा-आयएनएफ फोल्डरमधलं सगळं फेकून दे, बाकी जे पहिलं सापडेल ते घे. बिल्ड लगेच हिरवं होतं, आणि घात तिथेच असतो.

मेटा-आयएनएफच्या आत सर्व्हिसेस नावाचं फोल्डर असतं. कुठल्या इंटरफेससाठी कोणता क्लास उचलायचा, याची नोंद त्यातल्या फाइलींत असते. ते फेकलं की कंपायलर चकार शब्द काढत नाही, पण स्पार्क (मोठा डेटा प्रोसेस करणारं इंजिन) रनटाइमला सांगतो की काफ्का (मेसेज वाहून नेणारी सिस्टिम) नावाचा डेटा सोर्सच सापडत नाही. काफ्काचे क्लास जारमध्ये असतात, हरवलेली असते ती नोंद. अक्का या लायब्ररीचंही तसंच. तिथे प्रत्येक मॉड्यूलची आपली रेफरन्स डॉट कॉन्फ ही सेटिंगची फाइल असते. 'पहिली घे' म्हटलं की बाकीच्यांच्या सेटिंग उडतात आणि अमुक सेटिंग सापडत नाही म्हणून अ‍ॅप सुरू होतानाच कोसळतं. या फाइली एकापुढे एक जोडायच्या असतात. असेंब्लीची मूळ मर्ज स्ट्रॅटेजी (एकाच पाथच्या फाइलींचं काय करायचं तो नियम) हे दोन्ही नीट करते. तुमची केस फक्त अडलेल्या फाइलीपुरती लिहा आणि उरलेलं त्या मूळ स्ट्रॅटेजीकडे सोपवा.

म्हणून डिप्लॉय करण्याआधी जार उघडून बघायची सवय लावा. जार म्हणजे झिपच. 'जार टीएफ' कमांडने यादी काढा, सर्व्हिसेसमधली एखादी फाइल वाचा. लॉगमध्ये तासन्‌तास डोकं घालण्यापेक्षा हे परवडतं.

स्पार्कच्या जॉबमध्ये स्पार्कच्या डिपेंडन्सी 'प्रोव्हायडेड' (म्हणजे जारमध्ये न घालता) ठेवा, कारण त्या क्लस्टरवर असतातच. नाहीतर जार विनाकारण फुगतो आणि व्हर्जनची मारामारी होते ती वेगळीच. मात्र मग लोकल रनला स्पार्क सापडत नाही. इंटेलिजेच्या रन कॉन्फिगरेशनमध्ये प्रोव्हायडेड स्कोप क्लासपाथवर घेण्याचा पर्याय आहे. क्लस्टर स्कालाच्या 2.12 वर आणि तुमचा जार 2.13 चा, असं झालं की 'नो-सच-मेथड'सारखे एरर येतात. क्लास फाइल व्हर्जन 61 दिसलं तर कोड जावा 17 साठी कंपाइल झालाय आणि समोरचं जेव्हीएम जुनं आहे.

आणि साधी वेब सर्व्हिस असेल तर माझ्या मते फॅट जारच्या, म्हणजे सगळं एकात कोंबलेल्या जारच्या, वाटेला जाऊच नका. एसबीटी-नेटिव्ह-पॅकेजर हे प्लगइन सगळे जार लिब फोल्डरमध्ये वेगवेगळे ठेवतं आणि बिनमध्ये चालवायची स्क्रिप्ट देतं. मर्जचा प्रश्नच येत नाही. डॉकरमध्ये लायब्ररींचा लेयर वेगळा ठेवला, तर कोडमधली एक ओळ बदलल्यावर फक्त तुमचा छोटा जार पुन्हा पुश होतो.