लोकलमध्ये जीव घाबरा होतो? या चुका टाळा

विरार फास्टने अंधेरी सोडलं की पुढे थेट बोरिवली. मध्ये उतरायची सोय नाही, आणि नेमकं तिथेच छातीत धडधडायला लागतं, बोटांना मुंग्या येतात, दम कोंडतो, ‘आता मी पडणार’ असं वाटतं. हा पॅनिक अटॅक. तो साधारण 10 मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग आपणहून ओसरतो. एखादा अटॅक कुणालाही येऊ शकतो. तो ठाण मांडून बसतो, त्यामागे बरेचदा आपणच शोधलेले ‘उपाय’ असतात.

फास्ट सोडून स्लो पकडणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. स्लो लोकल दर स्टेशनला थांबते, म्हणून बरं वाटतं. मग दाराजवळचीच जागा लागते. मग सोबत कुणीतरी लागतं, खिशात गोळी लागते, हातात पाण्याची बाटली लागते. शेवटी लोकलने जाणंच बंद होतं आणि रिक्षा-बसचा द्राविडी प्राणायाम सुरू होतो. दर वेळी मेंदू एकच धडा गिरवतो: ‘सुटलो ते स्लो गाडीमुळे.’ फास्टमध्येही काही झालं नसतं, हे त्याला कळायची संधीच मिळत नाही.

यावर उपाय म्हणजे पायऱ्या पाडणं. भीतीला 0 ते 100 गुण द्या आणि 30-40 गुणांच्या प्रवासापासून सुरुवात करा. उदाहरणार्थ, दुपारी 12 ते 3 मध्ये, गर्दी नसताना, दादर ते वांद्रे स्लो. मग दादर ते अंधेरी स्लो. मग तेच अंतर फास्टने. अंधेरी ते बोरिवली फास्ट सगळ्यात शेवटी. प्रत्येक पायरी आठवड्यातून 3-4 वेळा करा आणि भीती निम्म्यावर आली की पुढची घ्या. भीती चढलेली असताना मधल्या स्टेशनवर उतरू नका, ती खाली येईपर्यंत थांबा. इथेच बहुतेकांचं गाडं अडतं: 80 गुणांवर उतरून पळालं की आधीची मेहनत पाण्यात जाते. आणि हा सराव संध्याकाळी सहाच्या विरार फास्टमध्ये सुरू करू नका. त्या गर्दीत धडधाकट माणसाचाही जीव गुदमरतो, त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

‘मोठा श्वास घे’

शेजारच्या काकू मायेने सांगतात, पण अटॅकमध्ये माणूस आधीच गरजेपेक्षा जास्त श्वास घेत असतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो. मुंग्या आणि गरगरणं बरेचदा त्यामुळेच असतं. वर आणखी भराभर मोठे श्वास घेतले की ते वाढतं. नाकाने 4 आकडे मोजत हलका श्वास आत, 6 आकडे मोजत सावकाश बाहेर, असं 3-4 मिनिटं करा. कागदी पिशवीत श्वास घ्यायचा जुना उपाय नको. त्रास दम्याचा किंवा हृदयाचा असेल तर तो धोक्याचा ठरतो.

तपासणी एकदाही न करणं, किंवा दर महिन्याला करणं

पहिल्यांदाच छातीत दुखत असेल तर ‘टेन्शन असेल’ म्हणून घरी बसू नका. दाबल्यासारखं दुखणं, ते हाताकडे किंवा जबड्याकडे जाणं, दरदरून घाम, श्रमाने वाढणारी कळ: 108 लावा किंवा थेट हॉस्पिटल गाठा. ईसीजी, थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर हे डॉक्टरांच्या सल्ल्याने एकदा नीट तपासून घ्या. सगळं नॉर्मल आलं आणि लक्षणं तीच राहिली, तर दर पंधरवड्याला नवा ईसीजी काढणं ही स्लो लोकलचीच दुसरी आवृत्ती.

गोळ्यांचा गोंधळ

गोळ्या दोन प्रकारच्या असतात आणि लोक त्यांची नेमकी उलटापालट करतात. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांनी लगेच बरं वाटतं, म्हणून ओळखीच्या केमिस्टकडून त्याच घेतल्या जातात. पण त्यांची सवय लागते आणि डोस वाढत जातो. दुसरा प्रकार रोज घ्यायच्या, चिंता मुळातून कमी करणाऱ्या औषधांचा: एस्सिटालोप्रामसारख्या औषधांना परिणाम दाखवायला 2 ते 6 आठवडे लागतात, आणि सुरुवातीला बेचैनी थोडी वाढूही शकते. तेवढ्यातच ‘मानवत नाही’ म्हणून ती सोडून दिली जातात. बरं वाटायला लागल्यावरही ती साधारणपणे अनेक महिने चालू ठेवावी लागतात. एकदम बंद केली तर चक्कर, मळमळ, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होऊ शकतं. क्लोनाझेपामसारखी गोळी रोज घेत असाल तर ती अचानक थांबवणं आणखी धोक्याचं, फिट येऊ शकते. दोन्ही डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळूच उतरवायच्या.

जाता जाता: दिवसाच्या सहा-सात कटिंग मोजा. कॅफिन धडधड वाढवतं. रात्री दारू घेऊन झोपणाऱ्यांना सकाळी जास्त बेचैनी जाणवते, ती उतरणाऱ्या दारूची.

चुकीचं दार

सायकियाट्रिस्ट डॉक्टर असतात, औषध तेच लिहितात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट थेरपी करतात. त्यांच्याकडे आरसीआयची (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) नोंदणी आहे का, हे बेधडक विचारा. परळचं केईएम, सायन, नायर इथे मानसोपचाराची ओपीडी आहे आणि खर्च खासगीच्या मानाने अगदी कमी आहे. रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

पॅनिकसाठी सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी) साधारण 8 ते 15 सत्रांची असते आणि तिच्यात घरचा अभ्यास असतो. दोन सत्रांत ‘नुसत्या गप्पा मारतात’ म्हणून सोडू नका. पण पाच-सहा सत्रं झाली, बालपणापासून सगळं बोलून झालं आणि तरी गाडीत चढायचा विषयच निघाला नाही, तर तो तुम्ही काढा.