ट्रंकेतली मेडलं कशी वाचायची

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं कुठल्याबी गल्लीत जावा, एखादा रिटायर फौजी भेटतोच, आणि त्याच्या घरात पांढऱ्या पेंटनं नंबर-रँक-नाव लिहिलेली काळी ट्रंक पण असतेच. आमच्या बाबांची मेडलं ट्रंकेत पण नव्हती, कुंद्याच्या रिकाम्या डब्यात सुतळी आणि जुन्या किल्ल्यांबरोबर पडलेली. पाहुणे आले की प्रश्न ठरलेला, "ह्याचे महिन्याला किती येऊलालेत?" बाबा हसून विषय बदलायचे. बाबा वारल्यावर डबा उघडला तेव्हा कळलं की मला एकपण मेडल वाचता येत नाही. मग बाबांच्याच मराठा लाइट इन्फंट्री ह्या पायदळाच्या रेजिमेंटमधल्या दोन-तीन रिटायर काकांकडं बसून शिकलो, ते इथं लिहितोय.

सुरुवात कडेपासून करा. मेडल खिडकीजवळ उभं धरा आणि मोबाईलचा कॅमेरा झूम करून कड फिरवत बघा, नंबर, रँक, नाव, युनिट कोरलेलं असतं. एकावर सिपाही आणि दुसऱ्यावर नाईक दिसलं तर घोळ समजू नका, मधल्या काळात प्रमोशन झालेलं असतं. आजोबांच्या काळातले, दुसऱ्या महायुद्धातले बर्मा स्टार, आफ्रिका स्टार असले तारे असतील तर त्यांना कड नसते, नंबर-नाव पाठीमागं बघा.

मग दोन ढीग करा, शौर्याचा आणि सेवेचा. शौर्याचा ढीग बहुतेक घरात रिकामाच राहतो, त्यात वाईट वाटून घेऊ नका, परमवीर चक्र आजवर फक्त 21 जणांना मिळालंय. (त्याचं डिझाईन सावित्रीबाई खानोलकरांचं, जन्मानं युरोपातल्या पण लग्न करून आपल्या मराठी घरात आलेल्या.) लढाईतल्या शौर्याला परमवीर, महावीर, वीर चक्र, आणि शत्रूशी समोरासमोरच्या युद्धाबाहेरच्या शौर्याला अशोक, कीर्ती, शौर्य चक्र. ही पाठची तीन ओळखायला सोपी, रिबन हिरवी आणि तिच्यावर केशरी रेघा, अशोकला एक, कीर्तीला दोन, शौर्यला तीन. म्हणजे रेघा जास्त तसा मान खाली, हे उलटं लक्षात ठेवा.

सेना मेडलला सगळे फसतात. लाल रिबन, मधी पांढरी पट्टी, शौर्यासाठी मिळालं काय किंवा चांगल्या कामासाठी मिळालं काय, दिसायला एकच, पण महिन्याचा भत्ता फक्त शौर्यवाल्याला. म्हणून सोबतचा कागद जपा. पाहुण्यांच्या प्रश्नाचं उत्तरपण इथंच देतो, 2017 साली भत्ते वाढले तेव्हा परमवीरला महिना 20,000, वीर चक्राला 7,000 आणि शौर्याच्या सेना मेडलला 2,000 ठरले. सेवेच्या मेडलला एक रुपाया नाही.

आणि म्हणूनच लोक सेवेच्या मेडलांना "हे काय सगळ्यांनाच देतात" म्हणून बाजूला सारतात, मला ते अजिबात पटत नाही, कारण माणूस कुठं कुठं राहिला ते ह्याच ढिगात लिहिलेलं असतं. सैन्य सेवा मेडलच्या रिबनवरची आडवी पट्टी बघा, तिला क्लास्प म्हणतात, तिच्यावर जम्मू-कश्मीर, हिमालय, नेफा (म्हणजे आताचं अरुणाचल) असं नाव असतं. 1971चा पश्चिमी स्टार की पूर्वी स्टार, त्यावरनं कुठल्या आघाडीला होता ते कळतं. कारगिलच्या वेळचं ऑपरेशन विजय स्टार प्रत्यक्ष लढाईच्या भागात असलेल्यांना, आणि ऑपरेशन विजय मेडल त्या वेळी बाकीच्या सीमेवर तैनात असलेल्यांना, हे दोन नेहमी मिसळतात. स्वातंत्र्याच्या 50 वर्षांचं मेडल दिसलं तर 15 ऑगस्ट 1997ला गडी नोकरीत होता, एवढं पक्कं. शिवाय 9, 20 आणि 30 वर्षांच्या नोकरीची वेगळी. सगळी ओळीत मांडली की वही घ्या, आणि माणूस हयात असेल तर आजच त्याला चहा देऊन समोर बसवा, "हिमालय म्हणजे नेमकं कुठं हो?" एवढंच विचारा, बाकी तो बोलेल.

घासू नका!! आमच्या आत्यानं दर खंडेनवमीला पितळी भांड्यांबरोबर मेडलंपण चिंच लावून घासली, चकचकीत झाली खरी पण कडेवरची अक्षरं निम्मी पुसट झाली आणि एका रिबनला कायमचा तपकिरी डाग पडला. कोरड्या मऊ सुती कापडानं पुसायचं, बास. आपल्याकडच्या पावसात डब्यात सिलिका जेलची पुडी टाका, आणि फ्रेम केली तर उन्हाच्या भिंतीला लावू नका, रिबन विटते.

लावायची डाव्या छातीवर, सगळ्यात मानाचं बटणांच्या बाजूला.

शेवटी डिस्चार्ज बुक, म्हणजे रिटायर होताना मिळालेलं नोकरीच्या नोंदीचं पुस्तक, काढून टॅली करा. त्यात मेडलांची नोंद असते, आणि मराठाचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावातच आहे, त्यामुळं काय अडलं तर बुकाची झेरॉक्स घेऊन जाता येतं. बाबांच्या बुकात पाच लिहिलेली, डब्यात चार निघाली. पाचवं देवघरात सापडलं, खंडोबाच्या टाकाशेजारी, आजीच्या काळापासून हळदकुंकू लागून लागून लाल झालेलं. त्याची कड अजून वाचता आली नाही, कुंकू घट्ट बसलंय आणि आई धुऊ देत नाही.