घरी भाज्या वाळवताय? मग आतला ओलावा नीट समजून घ्या

धुणं, पुसणं, चिरणं तुम्हाला येतंच. चकत्या ३ ते ५ मिमी जाड आणि सगळ्या सारख्या हव्यात. गाजर, फरसबी २-३ मिनिटं उकळत्या पाण्यात टाकून लगेच गार पाण्यात काढा, रंग-चव टिकते. कांदा, टोमॅटो, मशरूमला याची गरज नाही. निथळल्या की ट्रेमध्ये मोकळ्या पसरा.

आता खरी गोची. "ओव्हनचं टेंपरेचर वाढवा, झटपट होतं" हा सल्ला जिथे तिथे मिळतो आणि तो साफ चुकीचा आहे. जास्त आचेवर वरचा थर पटकन कडक होतो, आतल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच राहत नाही, चकती दिसायला एकदम वाळलेली पण मध्ये ओली, आणि मग डब्यात बुरशी धरते तेव्हा लोक म्हणतात डबाच खराब होता! ५५ ते ६० डिग्री, बस. आणि हवा खेळती पाहिजे, म्हणून ओव्हनचं दार किंचित उघडं ठेवा. उन्हात वाळवणार असाल तर कडक ऊन आणि कोरडी हवा दोन्ही हवं, वर जाळी घाला, रात्री ट्रे घरात घ्या. दमट हवेत उन्हाच्या भरवशावर अजिबात राहू नका.

झालं की नाही हे गरम असताना ठरवू नका, कारण गरम तुकडा मऊच लागतो. सगळ्यात जाड तुकडा उचला, पूर्ण गार होऊ द्या, मग मोडा. कट्‌कन तुटला पाहिजे. नुसता वाकला किंवा मोडल्यावर मधे गडद, ओलसर रेघ दिसली तर परत ट्रेमध्ये. टोमॅटो तेवढा थोडा चिवट राहिला तरी चालतो.

एवढं करूनही लगेच पॅक करायचं नाही, प्लीज. काचेची बरणी दोन तृतीयांश भरा, झाकण घट्ट लावा आणि ७ ते १० दिवस रोज हलवा. कमी-जास्त वाळलेल्या तुकड्यांतला ओलावा सारखा होतो, आणि काचेला आतून दमटपणा दिसला तर सगळं पुन्हा वाळवायचं. बुरशीचा एक ठिपका जरी दिसला तरी अख्खी बरणी फेका, वरचं काढून बाकीचं खाऊ वगैरे नको.

स्नॅक्ससाठी बीट अगदी पातळ कापून मीठ-मिरपूड लावून वाळवा. तेल नको, साठवलं की खवट होतं. बरण्या अंधाऱ्या, थंड जागी ठेवा आणि वरती तारीख लिहा.