जुनी ग्रीटिंग कार्डं जपताय? या चुका टाळा

कागद पावसाळ्यात खराब होतो, असं आपण नागपूरकर धरूनच चालतो. पण कार्डांचं बरंचसं नुकसान त्याआधी, मे महिन्यातच होऊन गेलेलं असतं, आणि ते करतो कूलर. बाहेर ४५ अंश तापमान, हवा कोरडी ठाक, आणि आत कूलर रात्रभर ओली हवा फेकतोय. खिडकी पुरेशी उघडी नसेल तर ती दमट हवा खोलीतच कोंडते आणि त्याच खोलीतल्या आलमारीत शिरते. कार्डाच्या चकचकीत बाजूवर प्लास्टिकचा किंवा वार्निशचा थर असतो, ती बाजू ओलावा घेत नाही. आतली साधी बाजू घेते आणि फुगते. म्हणून कार्ड पुढच्या बाजूला वळतं. कूलर बंद झाला की पुन्हा वाळतं. असं दोन महिने चाललं की घडीवर रंगाचे पोपडे निघू लागतात.

तेव्हा पहिली गोष्ट, कूलरच्या खोलीत कार्डं ठेवू नका. दुसरी, सज्ज्यावर, म्हणजे खोलीतल्या माळ्यावरही ठेवू नका. जुनं सामान सज्ज्यावर टाकायची आपल्याकडे रीतच आहे, पण स्लॅबखालची ती जागा घरातली सगळ्यात गरम जागा असते. स्वस्त कागदात लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन नावाचं द्रव्य राहिलेलं असतं. उष्णतेनं आणि उजेडानं तो कागद झपाट्यानं पिवळा पडतो, ठिसूळ होतो. आतल्या भिंतीला लागून असलेल्या आलमारीचा मधला कप्पा सगळ्यात बरा. बाहेरच्या भिंतीला आठव्या-नवव्या महिन्यात ओल येते आणि वाळवीची वाटही बहुधा तिथूनच असते.

डबा, रबर, पन्नी

संत्रा बर्फीचा रिकामा डबा मापानं अगदी योग्य वाटतो, पण त्यात तूप आणि साखर मुरलेली असते. मुंग्या, झुरळं हमखास येतात. संक्रांतीच्या कार्डांकडे तर मुद्दाम लक्ष द्या. पूर्वी पाकिटातून तिळगुळाचे, हलव्याचे दाणे पाठवायचे, आणि कित्येक घरांत ती पाकिटं न उघडता तशीच ठेवलेली असतात. दाणे काढून टाका, पाकीट कोरड्या मऊ ब्रशनं झाडून घ्या. पाकीट मात्र फेकू नका आणि त्यावरचं तिकीटही सोलू नका. बऱ्याच कार्डांवर साल लिहिलेलंच नसतं. ते कळतं फक्त पोस्टाच्या शिक्क्यावरून.

रबरबँड उन्हाळ्यात वितळून कागदाला चिकटतो आणि त्याचा तपकिरी पट्टा जात नाही. यू-पिना आणि स्टेपल पिना गंजतात, त्या नखानं हलकेच सरळ करून काढा. फाटलेल्या कार्डाला सेलोटेप तर लावूच नका. काही वर्षांत टेप गळून पडते आणि तिचा डिंक कागदात उतरून पिवळा राहतो. जपायचंच कार्ड असेल तर लॅमिनेशनही करू नका, कारण गरम करून चिकटवलेला तो थर पुन्हा निघत नाही.

साधी सुती पट्टी बांधा. कार्डांच्या मध्ये कोरा पांढरा कागद घाला. साडीच्या पन्न्या किंवा फाइलची मऊ, वास येणारी प्लास्टिकची पाकिटं नकोत. वास येणारं प्लास्टिक बहुतेक वेळा पीव्हीसी असतं आणि त्याला छपाईची शाई चिकटते. स्टेशनरीच्या दुकानात पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं म्हणून मागा.

डांबराच्या गोळ्या कार्डांना टेकतील अशा ठेवू नयेत, त्यांच्या वाफेनं प्लास्टिकची सजावट मऊ पडते. कडुनिंबाचा पाला ठेवायचाच तर पूर्ण वाळलेला, कापडी पुरचुंडीत. हिरवा पाला ठेवला की त्याच्यासोबत ओल आत जाते.

बिघडलंच असेल तर

कार्डं भिजून एकमेकांना चिकटली असतील तर ती ओली असेपर्यंतच वेळ हातात असतो. कार्डांच्या गुळगुळीत आर्ट पेपरवर चिकणमातीचा बारीक थर दिलेला असतो. तो भिजून वाळला की दोन कार्डं कायमची एक होतात. ओली असतानाच हळूहळू वेगळी करा आणि सावलीत पंख्याखाली पसरा. उन्हात टाकू नका, रंग उडतो. वाळून चिकटलेली चकचकीत कार्डं मात्र ओढू नका, वरचं चित्रच फाटून येईल.

बुरशीचे ठिपके दिसले की ओलं फडकं फिरवायचा मोह होतो. त्यानं बुरशी पसरते आणि हातानं लिहिलेली शाईही फुटते. कार्ड आधी पूर्ण वाळवा, मग नाकाला मास्क लावून गच्चीवर किंवा अंगणात मऊ ब्रशनं झाडा. कडा कुरतडलेल्या, चित्रावर खरवडल्याच्या खुणा असतील तर ते काम बहुधा कसरीचं. कीटकनाशकाचा फवारा कागदावर नको. कार्डं दोन पन्न्यांत घट्ट बंद करून दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर एक दिवस पन्नी उघडू नका, नाहीतर थंड कागदावर दव जमेल.

वळलेली कार्डं दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून वर जाड पुस्तकं ठेवा आणि काही आठवडे विसरून जा. इस्त्री फिरवली तर प्लास्टिकचा थर आणि चमकी वितळते.

कात्री लावण्याआधी

जुनी कार्डं कापून काही नवं करायचं असेल, तर सगळ्यात मोठी चूक इथे होते. छापील मजकूर आणि हाताचं अक्षर आपण एकाच मापानं मोजतो. गुलाबाचं चित्र हजारो प्रतींत छापलेलं असतं. "चि. बाळास अनेक आशीर्वाद" या ओळीची दुसरी प्रत नाही. आधी वाटणी करा, अक्षर असलेली कार्डं एका बाजूला आणि नुसती सही असलेली दुसऱ्या बाजूला. नुसत्या सहीच्या कार्डांचेही कापण्याआधी दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता, आतून-बाहेरून फोटो काढा. घरातल्या मोठ्यांना विचारून घ्या. अनोळखी वाटणारी सही त्यांच्या जवळच्या मैत्रिणीची असू शकते. कोणाचं कार्ड ते कळलं की मागे मऊ पेन्सिलीनं लिहा, पेननं नको.

गाणारी कार्डं लगेच उघडा आणि बटणसेल काढा. सेल गळतो आणि कागद खातो, हे झालंच, पण लहान मुलानं गिळला तर अन्ननलिकेला दोन तासांतही गंभीर इजा होऊ शकते. अशा वेळी घरगुती उपाय न करता थेट दवाखाना गाठायचा.

चकचकीत बाजूवर फेव्हिकॉल धरत नाही. त्यातलं पाणी कागदात मुरल्याशिवाय तो पकडत नाही, आणि प्लास्टिकचा थर ते मुरू देत नाही. तिथे बारीक पॉलिशपेपर घासा किंवा दुहेरी टेप वापरा. घडी घालताना संपलेल्या रिफिलनं आधी रेघ दाबून घ्या, म्हणजे रंग तडकत नाही.

तान्ह्या पोळ्याला लाकडी बैलाची झूल आणि शिंगांचे गोंडे करायला ही कार्डं फार छान. मुलांना रंग आयते मिळतात. हळदीकुंकवाच्या वाणाला नावाच्या चिठ्ठ्या, आहेराची पाकिटंही होतात. आकाशकंदील केलात तर आत फक्त एलईडी दिवा. पणती, मेणबत्ती अजिबात नको. खाण्याच्या वस्तूखाली छापील कार्ड अंथरू नका.

देवाचं चित्र असलेली कार्डं फुटाळ्यात किंवा दुसऱ्या कुठल्या तलावात सोडू नयेत. वरचा प्लास्टिकचा थर पाण्यात विरघळत नाही. चित्र नीट कापून पुढच्या वर्षीच्या शुभेच्छापत्रावर लावा, मान राहतो आणि तलावही घाण होत नाही.

उरलेलं रद्दीत देताना कोपरा फाडून बघा. कागद फाटला आणि वर पारदर्शक पापुद्रा ताणला गेला, तर ते कार्ड रद्दीत चालत नाही. चमकीचं किंवा जाड सोनेरी वर्खाचंही नाही. ही सुक्या कचऱ्यात टाका, आणि काढलेले बटणसेल टेपमध्ये गुंडाळून ई-कचऱ्यात द्या.