रात्रशाळेतल्या मुलाचं अभ्यासात लक्ष नसेल तर आधी काय बघायचं

डी.एड., बी.एड. करताना आपण सगळ्यांनी माणसाच्या गरजांचा मॅस्लोचा त्रिकोण वहीत काढलेला असतो. तळाला भूक आणि झोप, वर सुरक्षितता, मग आपलेपणा, मग मान आणि टोकाला स्वतःतल्या गुणांना पुरता वाव. मी मुंबईतल्या एका रात्रशाळेत गणित शिकवते. नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षकांना वर्गात हे सगळं कसं वापरायचं, तेवढं सांगते.

पहिलं म्हणजे तो त्रिकोण डोक्यातून काढा; खालची गरज पुरती भागल्याशिवाय वरची येतच नाही, असं त्यावरून वाटतं. मानसशास्त्रज्ञ अब्राहम मॅस्लो यांनी १९४३ साली ही मांडणी केली तेव्हा त्यांनी तो काढलाच नव्हता. उलट, समजावण्यापुरते आकडे देऊन ते म्हणाले होते की साधारण माणसाच्या शरीराच्या गरजा ८५ टक्के भागलेल्या असतील, सुरक्षिततेच्या ७०, प्रेमाच्या ५०, मानाच्या ४० आणि सगळ्यात वरची १० टक्के. म्हणजे सगळ्याच गरजा एकदम अर्ध्यामुर्ध्या भागलेल्या. भुकेल्या मुलालाही मान हवाच असतो.

तरी सुरुवात पोटापासून करा. आपली मुलं गॅरेज, कॅन्टीन, कुरिअरच्या कामावरून थेट वर्गात येतात. "जेवलास का?" असं चारचौघांत विचारलंत तर उत्तर "हो बाई" असंच येणार. त्यापेक्षा "डबा किती वाजता खाल्लास?" असं विचारा. दुपारी एक म्हणाला की समजा, सात वाजता समीकरणं त्याच्या डोक्यात शिरणार नाहीत. हजेरीच्या आधी चणे-कुरमुरे किंवा केळं द्या, आणि सगळ्यांना द्या. एकट्याला दिलंत तर पोट भरेल पण मान जाईल.

एखादी मुलगी नऊपासून घड्याळाकडे बघत असेल तर तिला कंटाळा आलाय असं धरून चालू नका. उशिरा एकटीने घरी जायचं असतं. एकाच बाजूला राहणाऱ्या मुलींचा गट करून त्यांना बरोबर सोडा. घरी किंवा कामावर मारहाण होत असल्याची शंका आली तर मुख्याध्यापकांना सांगा आणि चाइल्ड हेल्पलाइनला १०९८ वर फोन करा. अशा वेळी एकट्याने निस्तरायला जाऊ नये.

सगळ्यात जास्त चुकतं ते मानाच्या बाबतीत. गॅरेजमधला मुलगा फळ्याजवळ यायला तयार नसतो, हात बाकाखाली ठेवतो. आपण त्याला आळशी ठरवून मोकळे होतो. त्याची नखं बघा. ऑइल आत मुरलेलं असतं, साबणाने निघत नाही, आणि ते हात वर्गाला दिसू नयेत एवढंच त्याला हवं असतं. त्याला बाकावरूनच विचारा, "बाइकच्या चेनच्या पुढच्या चक्राला १४ दात आणि मागच्याला ४२, तर पुढचं किती फिरल्यावर मागचं एकदा फिरेल?" तीन, हे तो कागद न घेता सांगतो. गुणोत्तराचा धडा मग त्यालाच समजावू द्या. वर्ग त्याच्याकडे बघतो तेव्हा त्याची मान वर होते आणि हातही हळूहळू बाकावर येतात.

"बाई, शाळा सोडतो" असं कुणी म्हणालं की लगेच उपदेश नको. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी समुपदेशनात ज्यावर भर दिला ते इथे करायचं: माणूस जसा आहे तसा स्वीकारायचा, त्याच्या जागी जाऊन समजून घ्यायचं आणि स्वतः खोटं वागायचं नाही. "खूप दमलायस ना?" एवढं म्हणा आणि थांबा. गप्प बसणं जड जातं, पण बसा. खरं कारण बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात येतं. मालक लवकर सोडत नसेल तर शाळेच्या लेटरहेडवर अदबीने पत्र लिहा आणि परीक्षेच्या महिन्यापुरता अर्धा तास मागा.

चित्र काढणाऱ्या, गाणाऱ्या मुलांना "आधी पास हो, मग बघू" असं कृपा करून सांगू नका. काहींमध्ये निर्मितीची ओढ बाकी सगळ्या गरजांपेक्षा जबर असते, हे मॅस्लो यांनीच नोंदवून ठेवलंय. पाठकोरे कागद कपाटात असतातच, ते त्यांना द्या.

प्रत्येकाच्या नावापुढे दिसलेलं दोन ओळींत, तारखेसह एका वहीत लिहून ठेवा. ती वही दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नका. दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा सगळ्यांकडे नव्याने बघा, कारण तोवर कुणाचं काम सुटलेलं असतं, कुणाची खोली बदललेली असते.