या चुका टाळा: झिरो रीडिंग आलं म्हणून ‘रेसिमिक’ लिहू नका

बी.एस्सी.च्या पोरांना ऑरगॅनिक शिकवता शिकवता केस पिकले, तरी पोलॅरिमीटरवर (द्रावणातनं जाताना ध्रुवित प्रकाशाचं प्रतल किती वळतं ते मोजणारं यंत्र) दर वर्षी एक वाक्य ऐकायला मिळतंच, "ओ सर, झिरो आलं की, रेसिमिक झालंय बगा." रेसिमिक म्हणजे एकाच रेणूची उजवी-डावी, आरशातली जोडी, बरोबर निम्मी-निम्मी. दोघं प्रकाशाला सारखंच पण उलट बाजूला वळवतात म्हणून बेरीज शून्य येते. पण शून्य यायला दुसरीही कारणं असतात ना.

एक पोरगा होता, वडील साखर कारखान्याच्या लॅबमध्ये, त्यामुळं ‘पोल’ (पोलॅरिमीटरवर मोजलेलं साखरेचं प्रमाण) हा शब्द लहानपणापासून कानावर, आणि पोलॅरिमीटर म्हणजे आपल्या घरचंच मशीन अशी ऐट. प्रॅक्टिकल होतं साखरेच्या इन्व्हर्शनचं. साखरेचं द्रावण, त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड, आणि दर थोड्या वेळानं रीडिंग घ्यायचं. साखरेचं स्पेसिफिक रोटेशन, म्हणजे ठराविक मापात प्रकाश वळवायची ताकद, प्लस ६६.५ (प्लस म्हणजे उजवीकडं, मायनस म्हणजे डावीकडं), ती फुटून ग्लुकोज (प्लस ५२.७) आणि फ्रुक्टोज (मायनस ९२ च्या आसपास) होतं, शेवटी मिश्रण मायनस २० च्या घरात जातं. आता प्लसवरून मायनसला जायचं म्हणजे वाटेत शून्य लागणारच, साधारण पाऊण साखर फुटली की लागतं. ह्यानं नेमकं तिथं रीडिंग घेतलं, जर्नलमध्ये ‘रेसिमिक मिश्रण तयार झाले’ लिहिलं, खाली लाल रेघ मारली आणि चहाला गेला! मी विचारलं, ग्लुकोजची आरशातली जोडी कोण? तर म्हणे फ्रुक्टोज. अरे, एकात अल्डिहाइड, दुसऱ्यात कीटोन, आरशात बघून कुणाचं नाक बदलतं का? डी-ग्लुकोजची जोडी एल-ग्लुकोज, दुसरं कुणी नाही.

तेव्हापासून माझी सवय अशी की झिरो दिसला की ट्यूब तशीच ठेवायची, दहा मिनिटांनी परत बघायचं. रीडिंग सरकलं तर रिॲक्शन चालूच आहे. नाही सरकलं तरी उड्या मारू नका, आधी कागदावर दोन्ही रेणू हातानं काढा, मोबाईलवरचं चित्र चालणार नाही. आणि सोडियमचा दिवा गुलाबीचा पक्का पिवळा झाल्याशिवाय रीडिंगच घेऊ नका, पण पोरांना एवढाही दम निघत नाही.

मेसो आणि रेसिमिक एकच समजणारे तर ढिगानं. मेसो टार्टारिक ॲसिडचा रेणू स्वतःच अर्धा डावा अर्धा उजवा असतो, त्याला वेगळं करायचं काय? रेसिमिकमधून मात्र दोन निघतात.

सिस-ट्रान्सच्या (दुहेरी बंधाच्या एकाच बाजूला की विरुद्ध बाजूंना गट, एवढाच फरक, आरशातली जोडी नव्हे) निम्म्या-निम्म्या मिश्रणाला रेसिमिक म्हणू नका. बास.

नावातला ‘एल’ म्हणजे डावीकडं वळवणारा, हेही खोटं, तो फक्त रेणूची मांडणी सांगतो. चिंचेतलं, द्राक्षातलं टार्टारिक ॲसिड एल आहे आणि वळवतं उजवीकडं.

ऐंशी टक्के ई.ई. (एनान्शिओमेरिक एक्सेस, जोडीतला एक दुसऱ्यापेक्षा किती टक्के जास्त) म्हणजे ऐंशी-वीस नव्हे, नव्वद-दहा.

आणि ‘हे परीक्षेपुरतं’ म्हणणाऱ्यांनी औषधाच्या दुकानात जावं. ॲलर्जीचं सिट्रिझिन रेसिमिक, गोळी १० मिलिग्रॅमची. लिवोसिट्रिझिन त्यातला एकच भाऊ, म्हणून ५ मध्ये भागतं.

‘रेसिमिक’ हा शब्द आलाय द्राक्षाच्या घडावरनं, लॅटिनमध्ये घडाला रेसिमस म्हणतात. द्राक्षाच्या वाइनच्या गाळातनं मिळालेलं ते रेसिमिक ॲसिड, म्हणजे टार्टारिक ॲसिडचीच निम्मी-निम्मी जोडी, आणि १८४८ मध्ये पाश्चरनं त्याच्याच सोडियम अमोनियम क्षाराचे डावे-उजवे स्फटिक चिमट्यानं वेगळे केले. हे वाचून एका हुशार पोरीनं तोच प्रयोग ऐन एप्रिलात घरी लावला. सोलापूरचा एप्रिल! आठ दिवस भिंग घेऊन बसली, सगळे स्फटिक एकसारखेच, मग माझ्याकडं आली रडकुंडीला. तिचं काही चुकलं नव्हतं, साधारण २७ डिग्रीच्या वर हा क्षार वेगळा होतच नाही, एकाच स्फटिकात दोघं शेजारी बसतात. पाश्चरला पॅरिसची थंडी होती. तिला म्हटलं, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, म्हणजे जानेवारीच्या थंडीत, रात्री लाव आणि सकाळी ऊन चढायच्या आत स्फटिक गाळून घे.