ब्लड कॅन्सरचं निदान झाल्यावर या चुका टाळा

रक्तविकारांच्या ओपीडीत मी समुपदेशनाचं काम करते. नातेवाईक जाडजूड फाइल घेऊन येतात, ‘ब्लड कॅन्सर आहे’ म्हणतात. कुठला, असं विचारलं की एकमेकांकडे बघतात. बाकीच्या बऱ्याच चुकांचं मूळ इथेच असतं. ल्युकेमिया (रक्तपेशींचा), लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा) आणि मायलोमा (अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर) हे वेगवेगळे आजार आहेत, आणि ल्युकेमियातही प्रकार आहेत. एएमएल या झपाट्याने वाढणाऱ्या (अक्यूट) ल्युकेमियात उपचारांची घाई असते. उलट सीएलएल या संथ (क्रॉनिक) ल्युकेमियाच्या कित्येक पेशंटना सुरुवातीला औषधच लागत नाही, नुसती नजर ठेवतात. त्यामुळे शेजारच्या काकांना काय दिलं होतं, ते विचारत बसू नका. रोगाचं पूर्ण नाव डॉक्टरांकडून लिहून घ्या. मी ते फाइलच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहायला लावते.

माझा सगळ्यात जास्त जीव तुटतो तो सीएमएल या दुसऱ्या क्रॉनिक ल्युकेमियाच्या बाबतीत. एक तरुण मुलगा आला होता, पांढऱ्या पेशी प्रचंड वाढलेल्या, प्लीहा पोटात हाताला लागत होती. इमॅटिनिब ही सीएमएलवरची गोळी सुरू झाली, काही महिन्यांत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) नॉर्मल. मग कोणीतरी काढा सुचवला, ‘रिपोर्ट चांगला आहे, गोळी कशाला?’ आणि गोळी बंद. काही दिवस बरे गेले. परत आला तेव्हा अंगात ताप होता, हिरड्यांतून रक्त येत होतं आणि रक्तात ब्लास्ट, म्हणजे अपरिपक्व कॅन्सरपेशी भरल्या होत्या. आजार आता क्रॉनिक राहिला नव्हता, अक्यूट झाला होता.

सीबीसी नॉर्मल म्हणजे आजार गेला, असं नाही. सीएमएलमध्ये ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या अदलाबदलीतून हा आजार घडवणारं बीसीआर-एबीएल जनुक तयार होतं. ते किती उरलंय हे पीसीआर या जनुकीय तपासणीतच कळतं. गोळी थांबवता येते, पण काही मोजक्या पेशंटना, कित्येक वर्षं पीसीआर उत्तम राहिल्यावर आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्लिव्हेकचं, म्हणजे इमॅटिनिबच्या मूळ ब्रँडचं, पेटंट नाकारलं. स्वस्त जेनेरिक गोळ्या मिळत असताना काढ्यापायी माणूस गमावणं मला सहन होत नाही.

दुसरी चूक मानेतल्या गाठीची. ताप, वजन घटणं, रात्री घाम, ही लक्षणं टीबीत असतात तशी लिम्फोमातही. आपल्याकडे टीबी भरपूर, त्यामुळे पहिला संशय टीबीचा येणं साहजिक आहे. पण तपासणीत टीबी सापडलेला नसताना गोळ्या घेत महिने काढू नका. सुईच्या तपासणीत सुट्या पेशी दिसतात, गाठीची रचना दिसत नाही. म्हणून शक्य असेल तिथे अख्खी गाठ काढून बायोप्सी करावी. त्याआधी मनाने स्टेरॉइड तर अजिबात नको. गाठ बसते आणि निदान हुकतं.

साठीनंतरची न थांबणारी पाठदुखी, सोबत हिमोग्लोबिन कमी आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारं) वाढलेलं असेल, तर मायलोमासाठी प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस (रक्तातल्या प्रथिनांची तपासणी) करायचं का, हे विचारा.

प्लेटलेट का घसरल्या हे कळायच्या आत पपईच्या पानांचा रस सुरू करू नका.

‘स्टेज कितवी?’ हा प्रश्न अक्यूट ल्युकेमियात गैरलागू आहे. तिथे गुणसूत्रांचा रिपोर्ट विचारा.

एपीएल या एएमएलच्या एका प्रकाराचा संशय असेल तर सेकंड ओपिनियनसाठी गावोगाव फिरू नका. रक्तस्रावाचा धोका पहिल्या दिवसांतच सर्वांत मोठा असतो, म्हणून एट्रा हे औषध पक्क्या रिपोर्टची वाट न बघता सुरू करतात. हे दिवस निभावले तर हा आजार बहुतेकांचा बरा होतो.

इतर प्रकारांत दुसरं मत जरूर घ्या, पण जाताना नुसता कागद नेऊ नका. लॅबमधून बायोप्सीचे ब्लॉक (मेणात जपलेले तुकडे) आणि स्लाइड मागून घ्या.